उजवं चाक, डावं आभाळ

कृष्णात माझा धाकटा भाऊ. पाठचा. आमच्या आईला दोनच पोरं. थोरला मी, लालासाहेब, फौजेतनं हवालदार होऊन बाहेर पडलेला. आणि धाकटा ह्यो. सातवीच्या पुढं आमच्यातलं कुणी गेलं न्हाई. पण विट्यापासून साताऱ्यापर्यंत आभाळ हातानं फिरवणारा माणूस एकच, आणि त्यो आमच्या आईच्या पोटचा. हे मी एसटी स्टँडवर, चावडीत, न्हाव्याच्या दुकानात कुठंबी सांगतो. ज्याला खोटं वाटत असंल त्यानं समोर यावं.

आता गोष्ट त्याची हाय, म्हणून मी जरा मागं सरतो. हितनं पुढं लालासाहेब असं नाव आलं की त्यो मीच, एवढं ध्यानात ठेवा. मी-मी करत बसलो तर कृष्णातला बोलायला जागाच उरायची न्हाई. त्यो तसाबी कमीच बोलतो.

पोरपणी कृष्णात गावातल्या बाकीच्या पोरांसारखा गलाईला गेला. आमच्या भागात ही चालच हाय. मिसरूड फुटलं की मुलूख सोडायचा आणि कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात बसायचं. बाकीची पोरं टिकली, गावाकडं माड्या बांधल्या. कृष्णातला मद्रासची भट्टी मानवली न्हाई. तेजाबाचा धूर छातीत जाऊन बसला. परत आला तवा ट्रंकेत दोन धोतरं आणि छातीत खोकला, एवढीच कमाई.

लालासाहेबाच्या पलटणीतले एक साहेब मूळचे साताऱ्याचे. लालासाहेबानं त्यांच्याकडं शब्द टाकला, आणि फौजेत त्याच्या शब्दाला वजन व्हतं, म्हणून कृष्णात साताऱ्यात जुन्या पोथ्यांच्या एका संग्रहात लागला. रोजंदारीवर. पोथी म्हंजे पुस्तक न्हवं. सुटी पानं, वर-खाली लाकडाच्या फळ्या, आणि सगळं तांबड्या बासनात बांधलेलं. पावसाळ्यात कागदाला ओल धरती. म्हणून दसऱ्याच्या आसपास सगळी बासनं सोडायची, पानं उन्हाच्या कडंला सावलीत पसरायची, कसर झटकायची, फडकी धुऊन वाळवायची, वेखंडाच्या पुरचुंड्या घालायच्या आणि परत बांधायचं. शेवटची पोथी बांधून होईस्तवर पुढचा पावसाळा दारात उभा. वाचायचं काम दुसऱ्यांचं. कृष्णातचं काम सोडायचं आणि बांधायचं.

त्यातल्या एका पोथीत चाक व्हतं.

पानावर काढलेला मोठा गोल, त्याच्या कडंला घटकांच्या खुणा. त्या गोलावर कागदाचाच दुसरा गोल, कात्रीनं कापलेला, मधोमध भोक पाडून सुती दोऱ्यानं गाठवलेला. वरचा गोल बोट लावलं की फिरायचा. मधली गाठ म्हंजे ध्रुव. भोवतीनं सगळे तारे, तांबड्या शाईनं काढलेले. त्यातच सप्तर्षी. आमच्याकडं सप्तर्षीला बाजलं म्हणतात. म्हातारीचं चार खुरांचं बाजलं, आणि ते पळवायला आलेले तीन चोर. जुन्या काळी जोशीबुवा रात्री आभाळाकडं बघून हे चाक तसं जुळवायचे, की रात्र किती सरली ते कडंच्या खुणेवर कळायचं. घड्याळ न्हवतं तवाचं ते घड्याळ.

कुणी पाहुणे आले की कृष्णात हात धुवायचा, धोतराला पुसायचा, पोथी पाटावर ठेवायचा आणि एका बोटानं चाक फिरवून दाखवायचा. उजवीकडं. देवाला प्रदक्षिणा घालतात तसं, आरती ओवाळतात तसं. कुणी शिकवलं न्हवतं. चांगल्या वस्तूला डावीकडनं फिरवायचं असतंय व्हय? डावं फिरायचं एकदाच, माणूस सरणावर ठेवल्यावर.

राहीबाई त्याची बायको. पोरबाळ न्हाई. वेखंडाच्या पुरचुंड्या तीच शिवायची, आणि दसऱ्याला पानं पसरायची असली की मदतीला यायची. चार घरची भांडी करून आलेली असायची. एकदा तिनं लांबनंच त्या चाकाकडं बघून इचारलं, "आवं, ह्यात त्ये बाजलं कुठं हाय म्हनायचं?"

कृष्णातनं बोट दाखवलं.

"रिकामंच हाय की," राहीबाई म्हणाली. "पाठ टेकाय बरं व्हतं."

पंच्याहत्तर सालच्या आषाढात राहीबाई तापानं गेली. तोंडात पाणी घालायला पोरगा न्हाई, म्हणून कृष्णातनंच मडकं खांद्यावर घेतलं. मागनं भोक पाडत्यात, धार सांडत ऱ्हाती, आणि सरणाभोवती डाव्या अंगानं फेरे घालायचे. नदीच्या संगमावर पाऊस व्हता, लाकडं पेटत न्हवती. फेरे झाल्यावर त्यानं मडकं मागं टाकलं आणि वळून बघितलं न्हाई. तवापासनं त्याच्या हातनं कुठलीच गोष्ट डावी फिरली न्हाई. चहात साखर ढवळताना बी त्यो बघून चमचा फिरवायचा.

हे त्यानं कुणाला सांगितलं न्हवतं. लालासाहेबाला भावाच्या हातावरनं कळायचं.

शहात्तर साली, संक्रांत तोंडावर आली असताना, सांगलीच्या एका कॉलेजात जुन्या पोथ्यांचं आणि यंत्रांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. संग्रहाचं काम तवा चारुशीलाबाई बघायच्या. वाईच्या. आभाळाच्या जुन्या पोथ्या वाचणाऱ्या बाई, चष्म्यातनं बघितलं तर माणूस आपोआप सरळ उभा ऱ्हाईल असल्या. पण मायाळू. त्या कृष्णातला म्हणाल्या, "खऱ्या पोथीला गर्दीचा हात लागता कामा नये. ती काचेत राहील. लोकांना फिरवून बघायला लाकडाचं मोठं चक्र करता येईल का तुम्हाला?"

कृष्णात नुसता मान हलवून घरी आला. बाई पुण्याला गेल्या दुसऱ्या कामाला, आणि ह्यो गडी रोज सांजच्याला खोकत खोकत फळ्या तासायला लागला. खोक्यांच्या जुन्या फळ्या जोडून बैलगाडीच्या चाकाएवढा गोल केला. पोथीतले तारे जसेच्या तसे त्याच्यावर उतरवले. बाजल्याचे चार खूर त्यानं पितळी खिळ्यांनी मारले, लांबनं चमकावं म्हणून. मधे ध्रुवाच्या जागी, उभ्या लाकडी चौकटीत बसवलेला सायकलचा आस, आणि आसावर सायकलचंच फ्रीव्हील. लाकडाचा गोल त्या फ्रीव्हीलला बोल्टांनी आवळलेला. फ्रीव्हील कशाला, तर ते एकाच अंगाला फिरतंय. दुसऱ्या अंगाला ढकललं तर अडतंय. शाळेची पोरं येणार, पोरांना काय कळतंय, कुणी तरी डावं फिरवणार. ते होऊच नये म्हणून त्यानं आधीच बंदोबस्त केला. पुढच्याच अंगाला, फ्रीव्हीलला बसवलेला, हातानं फिरवायचा दांडा. लालासाहेब साताऱ्याला जाऊन बघून आला आणि गावात येऊन सांगत सुटला, की असलं यंत्र दिल्लीत बी नसंल.

आणि ह्यावर एक मोठी गोष्ट अडकलेली व्हती. बाईंनी कृष्णातचं नाव कायम करण्यासाठी पुढं केलेलं. संग्रहाची वडीलधारी मंडळी प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सांगलीला येणार, काम बघणार आणि ठरवणार. रोजंदारीवाल्याला आजारपण परवडत न्हाई. एक दिवस पडून ऱ्हायला की त्या दिवसाची चूल थंड. कृष्णातला खुर्ची नको व्हती, साहेबपणा नको व्हता. थंडीच्या दिवसांत छाती भरली की चार दिवस अंथरुणात पडता यावं, एवढंच पाहिजे व्हतं. आता पडलं तर तांब्या भरून उशाला ठेवणारं बी कुणी ऱ्हायलं न्हवतं.

चाक सुटं करून एसटीच्या टपावर बांधून सांगलीला आणलं. हवालदारानं बांधलेली दोरी, वाटंत एक गाठ सैल झाली न्हाई. कॉलेजच्या मोठ्या दालनात दुपारपर्यंत दोघा भावांनी ते उभं केलं. चारुशीलाबाई पुण्याहून थेट तिथं आल्या. चाक बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"कृष्णात! काय देखणं केलंत हो! आणि हे खिळे! फिरवा, फिरवा ना."

कृष्णातनं दांडा धरला. टिकटिक टिकटिक करत चाक उजवीकडं फिरायला लागलं. बाजलं डावीकडनं वर चढलं आणि उजवीकडं उतरलं. बाईंचा हात तोंडावरनं खाली आला.

"थांबा. आता उलट बाजूला."

"तिकडं जात न्हाई बाई. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?" बाईंनी स्वतः कडंला हात लावून बघितला. चाक हललं न्हाई. "अहो, पण हे उलटं फिरतंय."

"उलटं कसं? उजवं हाय."

"तुमच्या दृष्टीनं उजवं. आकाशाच्या दृष्टीनं उलटं. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. तारे उजव्या हाताला, पूर्वेला उगवतात. ध्रुवाच्या वरून डाव्या हाताला जातात. म्हणजे डावीकडेच फिरतात सगळे."

"पोथीतलं बी मी कायम उजवंच फिरवत आलोय."

"पोथीतलं दोन्हीकडे फिरतं, म्हणून कुणी बोललं नाही. मीसुद्धा लक्ष दिलं नाही, तुम्ही दाखवताना मी पाहुण्यांकडे बघायची." बाई स्वतःवरच चिडल्यागत झाल्या. "पण हे तर दुसरीकडे फिरायलाच तयार नाही!"

लालासाहेब पुढं सरला. भावाला कुणी बोललेलं त्याला खपत न्हाई.

"बाई, माझ्या भावाचं चाक चुकायचं न्हाई. आभाळाचंच कायतरी बघा चुकलं असंल."

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं न्हाई. "हवालदार, किती बोल्ट आहेत ते? उलटं बसवता येईल ना?"

"घटकाभराचं काम हाय," लालासाहेब म्हणाला. "कृष्णा, पाना काढ."

कृष्णातनं पाना काढला न्हाई. त्यो चाकाकडं बघत उभा ऱ्हायला. मग हळूच म्हणाला, "बाई, माझ्या हातनं डावं फिरनार न्हाई."

"का?"

कृष्णातला खोकल्याची उबळ आली म्हणून त्यो भिंतीकडं वळला, आणि उबळ सरल्यावर बी तसाच भिंतीकडं तोंड करून ऱ्हायला. बाईंनी लालासाहेबाकडं बघितलं. लालासाहेब पुटपुटला, "भावजय वारली आमची. आषाढात."

वाईच्या बाई त्या. फेऱ्यांचं त्यांना सांगायला लागलं न्हाई. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला हुकूम करणार नाही, कृष्णात. पण खोटं आकाश लोकांपुढे ठेवणं मला जमणार नाही. उद्या दहाला मंडळी येतील. तोपर्यंत तुम्ही ठरवा. नाहीतर ह्याच्यावर चादर घालू आणि फक्त पोथी दाखवू."

"मी बदलतो की," लालासाहेब म्हणाला. "त्यानं हात लावायची गरजच न्हाई."

"दादा," कृष्णात म्हणाला, "त्ये चाक मी केलंय."

एवढंच. पण ते असं म्हणाला, की हवालदाराचा बी हात पान्यावरनं निघाला.

मुक्काम सांगलीजवळ माधवनगरला व्हता, लालासाहेबाच्या मेव्हण्याकडं, अर्जुनाकडं. अर्जुना मिलमध्ये कामाला. चाळीतली एक खोली, बाहेर सायकल, आत कपाशीच्या धुरळ्याचा वास. त्या वासानं कृष्णातला जास्तच खोकला यायचा. भाकरी खाताना लालासाहेबाचं तोंड बंद राहीना.

"उद्या नानासो गावातनं ट्रक भरून मानसं घेऊन येतोय. हरणाबाई म्हातारी बी येनार हाय. मी समद्यांस्नी सांगितलंय, माझा भाऊ आभाळ फिरवतोय म्हनून. आता काय दाखवू? चादर?"

कृष्णात भाकरीचा तुकडा मोडत ऱ्हायला.

"आरं, सोड की त्ये खूळ! बोल्ट सोडताना पाना कसा फिरवतोस? डावाच फिरवतोस न्हवं?"

"त्ये सोडनं हाय दादा," कृष्णात म्हणाला. "सोडताना डावंच असतंय."

अर्जुना हसला. "भावोजी, ह्येला उत्तर द्या बघू हवालदारसाहेब."

हवालदारसाहेब पाणी पिऊन अंथरुणावर पडले. आणि पडल्या पडल्या त्यांना फौजेतलं आठवलं. लालासाहेब चुकला असं म्हणायचं कारण न्हाई. त्याला जरा उशिरा आठवलं. बर्फात पहाऱ्यावर असताना घड्याळाचे काटे गोठायचे, तवा बाजल्याकडं बघून पहारा बदलायचा. चोर कुठल्या अंगाला सरकतात हे त्याला पाठ व्हतं. पण भावाला आता सांगून काय व्हणार? बाईंनी सांगितलं तरी पटलं न्हाई. असल्या गोष्टी कानानं पटत न्हाईत.

झुंजुरकं व्हायच्या आधीच मिलचा पहिला भोंगा झाला. पाळीवरच्या लोकांना उठवायचा त्यो भोंगा. लालासाहेबानं भावाला हलवलं.

"चल. टमरेल घे."

"थंडी हाय दादा. दहिवर पडलंय."

"माझं घोंगडं घे. चल म्हनतो न्हवं."

खोकला लागल्यापासनं कृष्णात रात्रीचा कवा बाहेर पडत न्हवता. दहिवर बाधतं म्हणून डोक्यावरनं घोंगडं घेऊन आत निजायचा. इतकी वर्षं कागदावरचं आभाळ फिरवलं, पण वरचं आभाळ घटकाभर बसून बघितलं असं झालंच न्हवतं. दोघं भाऊ मिलच्या मागच्या रानात गेले. उरकून बांधावर टेकले. समोर उत्तरेला मिलचं उंच धुराडं, आणि धुराड्याच्या वर, जरा उजव्या हाताला, बाजलं. चारी खूर लखलखीत. मागनं तीन चोर.

"त्ये धुराडं बघ," लालासाहेब म्हणाला. "बाजल्याचा पुढला खूर त्येच्या कुठं हाय?"

"उजवीकडं. हातभर."

"आता गप बस. दुसरा भोंगा होईस्तवर बोलू नगंस."

कृष्णात गप बसला. गप बसणं हे त्याला जमतं. लालासाहेबाला तेवढं जमत न्हाई, पण त्या पहाटे त्यो बी बसला. गार वारं सुटलेलं. लांब कुठं तरी मोटेवरचा कुत्रा भुंकत व्हता. कृष्णात घोंगड्यात खोकायचा, खाकरायचा, परत वर बघायचा. दोघांच्या तोंडातनं वाफ निघत व्हती. काहीच हलत न्हवतं. आणि हलत न्हाई म्हणता म्हणता पुढला खूर धुराड्याच्या माथ्याला टेकला. मग धुराड्याच्या आड गेला. मग डाव्या अंगाला बाहेर आला.

दुसरा भोंगा झाला तवा अर्धं बाजलं डावीकडं सरकलं व्हतं.

"बघितलंस?" लालासाहेब म्हणाला.

"हूं."

"सगळं आभाळ डावंच जातंय, कृष्णा. तुज्या-माज्यासाठी न्हाई. पहिल्यापासनं."

कृष्णातनं घोंगडं आवळून घेतलं. मग म्हणाला, "रिकामंच हाय बाजलं." आणि उठला. "चल दादा. पाठ धरली."

मिलच्या फाटकासमोरनं परत येताना पाळी बदलत व्हती. रस्ता सायकलींनी भरलेला. दिवसपाळीचे आत चाललेले, रातपाळीचे डोळे चोळत बाहेर. दोघा भावांना पलीकडं जायला वाटच मिळंना, म्हणून रस्त्याच्या कडंला थांबले. अर्जुना त्यांच्यासमोरनं सायकलवर गेला, घंटी वाजवून म्हणाला, "काय भावोजी, सापडलं का आभाळ?"

कृष्णातनं त्याच्याकडं बघितलं न्हाई. त्यो सायकलीच्या चाकाकडं बघत व्हता. फाटकापाशी अर्जुनाच्या ध्यानात आलं, डबा घरीच ऱ्हायला. त्यो वळला आणि दात काढत परत त्यांच्यासमोरनं घराकडं निघाला.

"दादा," कृष्णात म्हणाला, "जाताना चाक उजवं फिरत व्हतं."

"मग?"

"आता डावं फिरतंय."

"आरं, उलटा आलाय म्हनून."

"सायकल तीच हाय. चाक तेच हाय." कृष्णात सायकलींच्या गर्दीतनं वाट काढत, शिव्या खात, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडंला गेला, आणि वळून अर्जुनाच्या सायकलीकडं बघायला लागला. हिकडनं लालासाहेबाला दिसत व्हतं, चाक डावं चाललंय. तिकडनं कृष्णातनं हात वर केला आणि बोट हवेत गोल फिरवून दाखवलं. उजवं.

लालासाहेबाला तवा काही कळलं न्हाई. खरं सांगायचं तर त्याला वाटलं, दहिवर डोक्यात गेलं.

दालन उघडलं तसा कृष्णात आत गेला. चारुशीलाबाई आधीच येऊन पोथी काचेत मांडत व्हत्या. त्यानं पाना काढला आणि चाकाचे बोल्ट सोडले, डाव्या अंगानं, कारण ते सोडणं व्हतं. लाकडाचा रंगवलेला गोल काढला. फ्रीव्हीलला हात बी लावला न्हाई. सगळी चौकट त्यानं आणि लालासाहेबानं मिळून उचलली आणि फिरवून ठेवली, पाठ पुढं आणि पोट मागं. मग गोल पुढच्या अंगाला आणून आवळला. तारे लोकांकडं, आणि दांडा चाकाच्या मागं, भिंतीच्या अंगाला. मधे माणूस बसंल एवढीच जागा.

"बाई, पुढं थांबा," त्यो म्हणाला. आणि मागं जाऊन बसला.

टिकटिक टिकटिक करत चाक फिरायला लागलं. पुढनं बघणाऱ्या बाईंना बाजलं उजवीकडनं वर चढताना दिसलं, ध्रुवाच्या डोक्यावरनं गेलं आणि डावीकडं उतरलं. लालासाहेब कडंला उभा ऱ्हाऊन दोन्ही बाजू बघत व्हता. मागं भावाचा हात दांड्यावर, आणि त्यो हात उजवाच फिरत व्हता.

बाई परत पोथीच्या काचेपाशी गेल्या. मग काचेवर हात टेकून म्हणाल्या, "आकाशाच्या पलीकडे बसून बघितलं, तर असंच दिसेल हो." आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

दहाला मंडळी आली. त्यांच्या मागोमाग ट्रक बी आला. नानासो, हरणाबाई, गावातली चाळीस-पन्नास माणसं, पोरंटोरं, टोप्या सावरत दालनात घुसली. बाईंनी चाकासमोर उभं ऱ्हाऊन सगळं सांगितलं, ध्रुव, घटका, चोर. चाक डावं फिरत ऱ्हायलं. मंडळीतले एक म्हातारे काठी टेकून जवळ आले, पितळी खिळ्यांवर बोट ठेवलं, म्हणाले, "दिशासुद्धा अचूक आहे. हे केलं कुणी?"

नानासो लालासाहेबाला कोपरानं ढोसत व्हता. "हवालदार, आरं भाऊ कुठं हाय तुजा? आभाळ तर आपलं आपनच फिरतंय."

लालासाहेबाला वाटलं, मागं जाऊन त्याचा हात धरून त्याला पुढं आणावा. साऱ्या गावापुढं, मंडळीपुढं उभा करावा. पण त्याला पुढं आणला तर चाक थांबणार, हेबी त्याला कळलं.

"मागं बसलेत," बाई त्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या.

चाकाच्या मागनं खोकल्याची एक लांब उबळ ऐकू आली. चाक जरा अडखळलं. मग परत टिकटिक सुरू झाली.